मुक्या रेडिओचा हिरवा डोळा

"उकंड्या! काचेवर वाफ नको सोडू म्हणून कितीदा सांगू तुले?"

महादेवराव ओसरीतून ओरडले, पण तोवर उकंड्याच्या मिशा काढून झाल्या होत्या. रेडिओच्या काचेजवळ तोंड नेऊन 'हाऽऽ' करायचं, काच धुरकटली की बोटानं एक मिशीवाला माणूस काढायचा आणि बाबा यायच्या आत धूम ठोकायची, हा त्या नऊ वर्षांच्या कार्ट्याचा दिवाळीच्या सुट्टीतला मुख्य उद्योग होता.

"पण बाबा, रेडिओ बंदच तर आहे!" तो दाराआडून म्हणाला.

"बंद असो नाईतर चालू! रेडिओ आहे तो, पाटी नाई!"

त्याची बारा वर्षांची बहीण कौशी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. तिनं हसू गिळलं. शेजारी तिचा आतेभाऊ माणिक होता. तो सुट्टीला बुलढाण्याहून आला होता, तेरा वर्षांचा होता आणि आपण आता मोठे झालो असं त्याचं ठाम मत होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, आणि चिखलीच्या त्या गल्लीत रेडिओ एकच होता. धान्याच्या बाजारात अडत दुकानी काम करणाऱ्या महादेवरावांनी तो अकोल्याहून मांडीवर ठेवून आणला होता. आईनं, म्हणजे अन्नपूर्णाबाईंनी, त्याच्यासाठी दोऱ्याचा झालरीवाला रुमाल विणला होता. त्याच्या बटणाला हात लावायचा तो फक्त महादेवरावांनी! बाकीच्यांनी लांबून बघायचं आणि ऐकायचं. बघण्यासारखं होतंही. रेडिओच्या कपाळावर एक हिरवा डोळा होता. बटण फिरवताना तो टक्क उघडा असायचा, आणि स्टेशन नीट लागलं की मिटून बारीक व्हायचा. कौशीला गाण्यांपेक्षा तो डोळाच जास्त आवडायचा.

पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रेडिओची वाचा गेली. महादेवरावांनी एकदा बटण दाबलं, एकदा कानामागे खाजवलं, "नागपूरवाल्याईचंच काई बिघडलं असंन," असं पुटपुटून रुमाल टाकला, तो टाकलाच. आता दिवाळी होऊन गेली तरी नागपूरवाल्यांचं बिघडलेलं दुरुस्त होईना!

इतक्यात दारात सायकलची घंटी वाजली. पोस्टमन नवा होता.

"झुंबरबाई कोण? नागपूरच्या रेडिओ केंद्राचं कार्ड आहे."

आजी परसातून लगबगीनं आली. "मीच! मीच झुंबरबाई!"

"नवऱ्याचं नाव सांगा. चिखलीत तीन झुंबरबाया आहेत."

झालं! आजीची पंचाईत झाली. गल्लीतल्या बायका एरवी नवऱ्याचं नाव घेत नसत, पण हळदीकुंकवाला उखाण्यात तरी घेत. आजीनं तेही कधी केलं नव्हतं. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा ती म्हणे मांडवातून पळाली होती आणि कडब्याच्या गंजीत सापडली होती. तिनं ओसरीतल्या खाटेकडे बोट दाखवलं. खाटेवर आबा पडले होते. मळ्याच्या बांधावरून घसरून त्यांचा पाय मोडला होता आणि कामट्या बांधून त्यांना महिनाभर जागेवर झोपवलं होतं.

"थे पाह्य. त्याईची झुंबरबाई."

"बोटानं नाई चालत, नाव पाह्यजे!"

"पुंजाजी!" उकंडा ओरडला. "माह्या आबाचं नाव पुंजाजी!"

पोस्टमननं कार्ड दिलं. आबा खाटेवरून गुरगुरले, "म्हातारीले कोणाचं कार्ड येऊन राह्यलं या वयात?" आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

कौशीनं कार्ड मोठ्यानं वाचलं. बुलढाण्याच्या शेती प्रदर्शनात नोंदवून घेतलेली झुंबरबाईंची मुलाखत येत्या गुरुवारी संध्याकाळी पावणेसात वाजता शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात लागणार होती! घरात एकच गोंधळ उडाला. पावसाळ्यात आजी आपल्या मिरच्या घेऊन त्या प्रदर्शनाला गेली होती आणि "एका सायबानं माह्या तोंडापुढं लोखंडाचं कणीस धरलं," असं सांगत आली होती. तेव्हा कोणी विश्वास ठेवला नव्हता.

"पण आजी, रेडिओ तर मुका आहे!" माणिक म्हणाला आणि गोंधळ थांबला.

आजीनं कौशीला हळूच परसात ओढलं. तिचा चेहरा उतरला होता.

"कौशे, मी त्या कणसात एक गोष्ट बोलून बसली."

"कोणती व आजी?"

"थे तुले नाई सांगत. तुह्या आबाच्या कानावर जाव म्हणून बोलली. समोर बसून नाई होत मले. बावन्न वर्सं झाली लग्नाले, नाई झालं. तो सायब म्हणे, एकदाच लागते. गुरुवारी नाई ऐकलं तं गेलंच."

बाजारातल्या चौकात सार्वजनिक रेडिओ होता, पण आबांना खाटेसकट चौकात कोण नेणार? आणि आबा तरी जाणार थोडेच! ते घरातच ऐकलं गेलं पाहिजे. मंगळवारची दुपार होती. हाताशी दोन दिवस होते. पदराला गाठ मारावी तशी कौशीनं ती गोष्ट मनाशी बांधून ठेवली.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी फारच गळ घातल्यामुळे महादेवरावांनी रुमाल काढला आणि बटण दाबलं. डोळा हिरवागार झाला. आवाज मात्र शून्य! त्यांनी काटा इकडून तिकडे फिरवला.

"पाह्यलं? काईच नाई. मेला तो."

"थांबा बाबा!" कौशी एकदम ओरडली. "पुन्हा फिरवा. हळू हळू."

काटा नागपूरच्या खुणेवर आला आणि डोळा बारीक झाला. पुढे गेला तसा टक्क उघडला. मागे आणला, पुन्हा बारीक!

"बाबा, स्टेशन लागून राह्यलं! डोळ्याले कळून राह्यलं! त्याले ऐकू येते, पण बोलता येत नाई. रेडिओ मुका आहे, बहिरा नाई!"

माणिकनं तोंडाचा आ केला. महादेवराव मात्र घाईघाईनं बटण बंद करत म्हणाले, "उद्या उत्तमरावले दाखवतो. तोवर कोणी मागचं पुठ्ठं उघडाचं नाई. समजलं?"

"मामा एवढे काऊन घाबरले?" रात्री जेवताना माणिक कौशीच्या कानात कुजबुजला. तिलाही नेमका तोच प्रश्न पडला होता.

बुधवारी सकाळी उत्तमराव आले. बसस्टँडजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कानावर पेन्सिल, खिशात पेचकस, आणि तोंडात अख्खा विडा. त्यांनी रेडिओ उघडला नाही. वरून दोन टपल्या मारल्या, कान लावला आणि मान हलवली.

"खतम! मेन मशीन जळली. अकोल्याले पाठवाव लागन. पंधरा दिवस."

"पण काका, नागपूर लागलं की डोळा मिटते ना," कौशी म्हणाली. "मंग आतपर्यंत स्टेशन येऊनच राह्यलं. फक्त आवाज करणारा भाग गेला असंन."

उत्तमराव इतके हसले की विडा सांभाळावा लागला. "महादेवराव, पोरगी इंजनेर झाली तुमची! आवं माय, रेडिओ म्हणजे चूल नोय, फुंकली की पेटली. आत काचेचे व्हॉल्व्ह असतेत, एकापरीस एक नाजूक. कोणता गेला थे माह्यासारख्याले वरून सांगता नाई येत, तं तुले काय येईन?"

"आमी शोधला तं?"

"तुमी? हॅ! नंबरासकट सांग, नवा व्हॉल्व्ह माह्याकडून! दिला शबूद! चारचौघात दिला!"

"आजी, ऐकलं ना?" माणिकनं लगेच विचारलं.

"ऐकलं," आजी म्हणाली.

"मीबी ऐकलं," खाटेवरून आबा म्हणाले. आबांना काहीच ऐकू येत नाही असं सगळ्यांना वाटे, तेव्हा त्यांना सगळं ऐकू येई.

महादेवराव दुकानी गेले आणि कौशीनं मोहीम सुरू केली. आईला आजीनं एका वाक्यात गप्प केलं, "अन्नपूर्णे, माह्या जबाबदारीवर." मग खिडक्यांवर घोंगड्या टाकून भर दुपारी खोलीत अंधार केला गेला. आईनं रेडिओ लावला. माणिकनं बुलढाण्याच्या शाळेत विजेचा धडा शिकला होता. तो दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला.

"चालू असताना कोणी बोटसुद्धा लावाचं नाई! झटका बसला तं आबाशेजारी दुसरी खाट टाकाव लागन. फक्त भोकातून पाह्याचं."

मागच्या पुठ्ठ्याला हवेसाठी भोकं होती. तिघांनी तीन भोकांना डोळे लावले. आतून ऊबदार, धुळकट वास आला. काचेच्या पाच छोट्या बुधल्या ओळीनं उभ्या होत्या आणि त्यांच्या पोटात निखाऱ्यासारखं लाल काहीतरी चमकत होतं.

"एक, दोन, तीन, चार..." कौशी मोजू लागली. "पाचवा काळा आहे! तो पेटलाच नाई!"

"अन् त्याचं डोस्कं पाह्य!" उकंडा म्हणाला. "बाकीच्याईचं चांदीवाणी आहे. त्याचं चुन्यावाणी पांढरं!"

खरंच होतं. चार व्हॉल्व्हच्या माथ्यावर आरशासारखा चांदीचा लेप होता, आणि त्या एकाचा पार पांढरा पडला होता. चोर सापडला!

आईनं वायर भिंतीतून काढली. माणिकनं सांगितलं तशी सगळ्यांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली. उकंड्याला ती पंधरा वर्षांएवढी वाटली. मग आईनं पेचकसानं पुठ्ठा सोडवला, पाचवा व्हॉल्व्ह पदरात धरून अलगद उपसला आणि खिडकीशी आणला. काचेवर केसाएवढी बारीक चीर होती.

"आता नंबर वाच!" माणिक म्हणाला.

कौशीनं व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा. "नंबर नाईच! कोरा आहे."

बाकीचे चारही कोरेच होते. नुसते कोरे नाहीत, लख्ख घासलेले! आणि प्रत्येकाच्या बुडाशी पत्र्यावर कुंकवाचं एकेक बोट लावलेलं.

आजीनं कुंकू पाहिलं, घासलेली काच पाहिली, आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. "दसऱ्याले कुऱ्हाड, विळा, वजनकाटा, समदं पुजलं जाते. चिंचेच्या पाण्यानं घासाचं, कुंकू लावाचं. मी म्हणो रेडिओची पूजा यंदा राह्यली कशी! राह्यली नाई व. कोणीतरी आतून पुजली!"

"बाबा!" कौशी आणि उकंडा एकदम म्हणाले.

"मंग हे पुठ्ठ्यावर पाह्य," आई म्हणाली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक छापील तक्ता डकवलेला होता, 'कोणत्या खाचेत कोणता व्हॉल्व्ह' असा. त्यावर महादेवरावांनी खळ लावून देऊळगाव राजाच्या बालाजीचा फोटो चिकटवला होता. देवाच्या फोटोला नख कोण लावणार? आजीसमोर तर तो विषयसुद्धा नको!

माणिक खाली बसला. "संपलं. व्हॉल्व्ह सापडला, पण नंबर नाई तं उत्तमरावकाका देतीन काय? अन् कोणता देतीन?"

कौशी रडायच्या बेताला आली. आजी नुसती ओसरीतल्या खाटेकडे बघत होती, आणि ते बघणं कौशीला जास्त लागलं.

उकंड्याला मात्र समोर एक स्वच्छ, गोल, रिकामी काच दिसत होती. अशी काच दिसल्यावर त्यानं काय करावं? त्यानं तोंड जवळ नेलं आणि केलं, "हाऽऽ!"

"उकंड्या, आता तरी..." कौशी रागावून वळली आणि तशीच थिजली.

काच धुरकटली होती, पण सगळीकडे सारखी नाही. जिथं पूर्वी शाई होती तिथं वाफ निराळी बसली होती. धुक्यातून अक्षरं वर आली. क्षणभर दिसली आणि विरली.

"पुन्हा कर! उकंड्या, पुन्हा कर!"

उकंड्याला जन्मात कोणी असं सांगितलं नव्हतं. त्यानं छाती भरून घेतली. "हाऽऽऽऽ!"

"ई... एल... आठ... चार!" माणिक ओरडला. "ईएल चौऱ्याऐंशी!"

कौशीनं पाटीवर लिहून घेतलं. खात्री करायला तीनदा वाफ सोडवली, आणि काचेखालच्या पिनाही मोजल्या. नऊ. मग तिनं भावाचा असा मुका घेतला की तो गाल पुसत पळाला.

संध्याकाळी महादेवराव घरी आले तेव्हा उघडा रेडिओ, कुंकवाची बोटं आणि घरचे सगळे त्यांची वाट पाहत होते.

"महादेव," आजीनं गोड आवाजात विचारलं, "दसऱ्याले यंत्राची पूजा कोणी केली रे?"

महादेवरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि शेवटी पायरीवर बसले. "मीच केली माय. सकाळचं भजन ऐकलं, बंद केला, अन् लगेच ओल्या फडक्यानं पुसाले बसलो. एकाले फडकं लागलं तशी काच टिच्च वाजली. मले वाटलं कोणाले नाई कळणार."

"गरम काचेले ओलं फडकं!" माणिकनं कपाळावर हात मारला.

"अन् आमाले म्हणते हात नका लावू!" उकंडा म्हणाला. त्यावर आई एवढी हसली की महादेवरावांनाही हसावं लागलं.

गुरुवारी सकाळी उत्तमरावांचं दुकान उघडायच्या आधीच तिघं पायरीवर हजर होती. कौशीनं तडा गेलेला व्हॉल्व्ह पुढे केला, नंबर सांगितला आणि उकंड्याकडून वाफेचा प्रयोगही करून दाखवला. उत्तमराव बराच वेळ विडा चघळायचा विसरले.

"बरं बरं, देतो म्हटलं तं देतो," म्हणत त्यांनी खण उचकला आणि एक व्हॉल्व्ह काढला. "हा घ्या. सारखाच आहे."

कौशीनं तो उलटा केला. "काका, याले सात पिना आहेत. आमच्याले नऊ."

"अं? हो का? उजेड कमी आहे इथं." मग त्यांनी सगळे खण पालथे घातले आणि कान धरून कबूल केलं, "पोरी, ईएल चौऱ्याऐंशी माह्याकडे नाई. देऊळगाव राजाले माह्या दोस्ताकडे नक्की आहे. चिठ्ठी देतो, पैसे माह्या नावावर. साडेनऊची गाडी पकडा, अर्जुनराव कंडक्टरले सांगतो मी."

घरी विचारायला उकंडा धावत गेला आणि धावत आला. आजी हो म्हणाली होती. आई नाही म्हणाली होती. आबा म्हणाले होते, "जाऊ दे." आबा इतक्या लवकर कोणत्याच गोष्टीला हो म्हणत नसत. उकंड्याला मात्र आईनं धरून ठेवलं, आणि तो संध्याकाळपर्यंत फुगून बसला.

अर्जुनरावांनी दोघांना पुढच्याच बाकावर बसवलं. चिखलीच्या बाजारातून कौशीनं मूठभर सरकी काढलेला कापूस घेतला होता. देऊळगाव राजाला पोचले तेव्हा दुकानाला कुलूप होतं, मालक बालाजीच्या दर्शनाला गेले होते! दोघांनी देवळात जाऊन त्यांना गाभाऱ्याच्या दारातच गाठलं. मालकांनी चिठ्ठी वाचली आणि दुकानी येऊन खोकं काढलं. कौशीनं नंबर वाचला, पिना मोजल्या, जुन्याला नवा लावून पाहिला. मग तो कापसात गुंडाळून मालकांनी दिलेल्या डब्यात ठेवला आणि डबा मांडीवर.

"आमच्या गिऱ्हाइकांनीही एवढं पाह्यलं असतं तर!" मालक म्हणाले.

परतीची गाडी थेट चारला होती, तीही अर्जुनरावांचीच. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग अर्ध्या वाटेत 'फट्' झालं. पंक्चर!

"वाजले किती हो?" माणिकनं खाली उतरता उतरता विचारलं.

"पाच," अर्जुनराव म्हणाले. "तासभर तं लागनच."

कौशीनं अर्जुनरावांना सगळं सांगून टाकलं. कार्ड, आजी, आबांची खाट, पावणेसात, 'एकदाच लागते' हे सगळं. अर्जुनरावांनी टोपी मागे सारली आणि प्रवाशांकडे वळून आवाज दिला. "मंडळी, एका म्हातारीचं बोलणं रेडिओवर लागून राह्यलं, अन् रेडिओ या पोरीच्या डब्यात आहे! दगड आणा, जॅकले हात लावा!"

मग काय! बाजारकरी, एक मास्तर, दोन पैलवान, सगळे चाकाला भिडले. माणिकनं नट सांभाळले. ड्रायव्हर म्हणाला, असं चाक त्यानं नोकरीत पहिल्यांदाच अर्ध्या तासात बदललं. पुढे चिखलीपर्यंत गाडीत कोणी थांबा मागितला की बाकीचे त्याच्याकडे रागानं बघत!

सहा पस्तीसला गाडी स्टँडात शिरली आणि दोघं सुटली. घरात रेडिओ उघडून तयार ठेवला होता. रेडिओपुढे महादेवराव हात धुऊन, अगदी कोरडे पुसून बसले होते. उत्तमरावही दुकान बंद करून आले होते, पण पुढे व्हायचं धाडस करेनात.

"वायर काढली?" कौशीनं धापा टाकत विचारलं.

"काढली."

"हात कोरडे?"

"आवं कोरडे आहेत व माय!"

"पिनामधी एक मोठी फट आहे. खाचेतबी तशीच फट आहे. फटीवर फट ठेवा. जोर नाई कराचा. हलवून हलवून बसवा."

महादेवरावांनी व्हॉल्व्ह खाचेवर टेकवला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा फटीवर फट आली, आणि व्हॉल्व्ह बारीक करकरत खाली बसला. आईनं पुठ्ठा लावला. बालाजी पुन्हा आतल्या बाजूला गेले. घड्याळात सहा शेहेचाळीस झाले होते.

बटण दाबलं. काही नाही.

"गरम होऊ द्या," माणिक म्हणाला. डोळा हळूहळू हिरवा झाला. काटा नागपूरवर गेला. डोळा मिटू लागला. आणि आतून घरघर आली, मग खरखर, आणि मग एक साहेबी आवाज खोलीभर झाला.

"...आणि ही मिरची इतकी वर्षं टिकली कशी, आजी?"

"पहिल्या तोड्याची मिरची बियाले ठेवाव लागते जी. राखेत घोळून मडक्यात घालाव लागते."

आजी! आपली आजी! उकंडा टाळ्या पिटणार होता, आईनं त्याचे हात धरले. आजी स्वतः दारामागे उभी होती आणि तिनं पदर अर्ध्या तोंडावर ओढला होता. ओसरीतली खाट कुरकुरली. आबा कोपरावर उठून बसले होते.

"म्हणजे हे बियाणं तुम्ही जपलंत."

"मी नाई जी. मी फक्त बाजारात इकली. बी जपलं माह्या मालकानं. पाऊस आला नाई त्या सालीबी मडकं फोडू दिलं नाई. लोक माही मिरची म्हणतेत. थे खरं नोय."

"मग मालकांचं नाव सांगा ना आजी. ऐकणाऱ्यांना कळू द्या."

रेडिओ गप्प झाला. कौशीनं घाबरून डोळ्याकडे पाहिलं. डोळा तसाच मिटलेला होता, म्हणजे स्टेशन होतं. बोलणारीच थांबली होती.

"पुंजाजी," आजीचा आवाज आला. "पुंजाजी नाव आहे त्याईचं. लिहून घ्या तुमी."

मग रेडिओवर बासरी सुरू झाली. महादेवरावांनी हळूच आवाज कमी केला आणि डोळे पुसले.

"पोरी," उत्तमराव म्हणाले, "मी वरून टपल्या मारल्या, तू आत पाह्यलं. उद्यापासून माह्या दुकानातले सगळे व्हॉल्व्ह तूच तपासून दे. अन् हा वाफवाला पोरगा बी संगं आण."

महादेवरावांनी खिशातून पेचकस काढला आणि कौशीच्या हातावर ठेवला. "आजपासून हा तुह्याकडे. रेडिओले काई झालं तं पहिले तुले इचारीन." मग ते रेडिओपुढे वाकले, त्यांनी काचेवर 'हाऽऽ' केलं आणि उकंड्यासाठी एक झुपकेदार मिशी काढून दिली!

"कौशे, इकडी ये," आबांनी हाक मारली. कौशी खाटेपाशी गेली. आबांनी तिचा हात आपल्या दोन्ही खरखरीत हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "बावन्न वर्सं झाली. तिच्या तोंडून माह्यं नाव आज ऐकलं. थे तू ऐकवलं मले. अन् या दोघाईनं. लय मोठं काम केलं पोराईहो."

तेवढ्यात दारामागून आजीचा आवाज आला, रोजच्यासारखाच, पण जरा कापरा. "जेवाले वाढू का, अहो?"

आबा लगेच ताठ बसले. "अहो म्हणजे कोण? या घरात तीन गडी आहेत! नाव घेऊन इचार की!"

सगळ्यांचे कान दाराकडे लागले.

"थे एकदाच लागते!" आजी म्हणाली आणि चुलीकडे पळाली.